गाळप क्षमता : यंत्राची आणि बाईची

(नाशिक येथे झालेल्या अभ्यासवर्गातील भाषणाचं शब्दांकन)



विषयाची चिठ्ठी फळ्यावर लागली तेव्हा दोघी-तिघींनी विचारलं, की बायकांच्या अभ्यासवर्गात साखर कारखान्याची गाळप क्षमता कशाला? यंत्रं, टन, टक्के हे पुरुषांचे विषय. बरोबर आहे, आजवर ते पुरुषांनीच बोलायचे असं ठरलेलं आहे. संचालक पुरुष, चीफ इंजिनीयर पुरुष, शेतकी अधिकारी पुरुष, मुकादम पुरुष. पण याच चळवळीत आपण ‘पोटगी’, ‘क्रूरता’, ‘कुटुंबप्रमुख’ हे शब्द एकेक करून उलगडून पाहिले. शब्दाची व्याख्या कुणी केली, त्यात कोण धरलं गेलं आणि कोण सुटलं, हे पाहायची सवय आपल्याला आहे. आज तसाच एक शब्द घेऊ. तो फक्त कायद्याच्या पुस्तकाऐवजी कारखान्याच्या अहवालातला आहे.

नाशिक जिल्ह्यात राहणाऱ्यांना हा शब्द नवा नाही. रावळगावला वालचंद हिराचंदांनी १९३३ साली साखर कारखान्याची सुरुवात केली, तेव्हापासून या जिल्ह्यात ऊस गाळला जातोय. पुढे सहकार आला. दिंडोरीचा कादवा, पळसेचा नाशिक सहकारी, भाऊसाहेबनगरचा निफाड, देवळा तालुक्यातला वसाका, दाभाडीचा गिरणा. यातले कित्येक मध्यंतरी बंद पडले, काही भाडेतत्त्वावर गेले. कारखाना सुरू होवो, बंद पडो की लिलावात निघो, बातमीच्या पहिल्या ओळीत एक आकडा असतोच : ‘साडेबाराशे टन गाळप क्षमतेचा’, ‘अडीच हजार टन गाळप क्षमतेचा’. आपण तो आकडा वाचतो आणि पुढे जातो. आज जरा तिथेच थांबू.

गाळप क्षमता म्हणजे कारखाना एका दिवसात किती मेट्रिक टन ऊस गाळू शकतो ते. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला टीसीडी म्हणतात. इथपर्यंत सोपं आहे. पण हा शब्द तीन ठिकाणी तीन अर्थांनी वापरला जातो, आणि वापरणारा कुठला अर्थ घेतोय ते सांगत नाही. एक, कागदावरची क्षमता. १९९८ पर्यंत साखर धंद्याला सरकारी परवाना लागे, त्यावर जो आकडा असे तो. दुसरी, बसवलेली क्षमता, म्हणजे मिलच्या लाटा, बॉयलर, रस आटवण्याची भांडी यांचा मेळ घालून इंजिनीयर जो हिशोब देतो ती. आणि तिसरी, प्रत्यक्ष गाळप, जे रोज संध्याकाळी गेटवरच्या फळ्यावर खडूनं लिहितात. अडीच हजारांचा कारखाना कधी अठराशे गाळतो, कधी तीन हजार. तीन हजार झाले की संचालक मंडळ ‘क्षमतेपेक्षा जास्त गाळप’ म्हणून स्वतःचं अभिनंदन करून घेतं.

आता या हिशोबातली एक गंमत पाहा. दिवस चोवीस तासांचा असतो हे आपण शाळेत शिकलो. साखर कारखान्यात क्षमता काढताना दिवस बावीस तासांचा धरतात. उरलेले दोन तास कशासाठी? यंत्र थांबणार म्हणून. पट्टा सरकेल, लाट गरम होईल, कुठेतरी वाफ गळेल, काहीतरी साफ करावं लागेल. हे होणारच, ते कुणाच्या हलगर्जीपणामुळे होत नाही, यंत्राचा तो स्वभावच आहे, म्हणून ते व्याख्येतच धरलेलं आहे. त्याशिवाय हंगामात मधूनमधून सबंध कारखाना थांबवून ‘जनरल क्लीनिंग’ करतात, कारण भांड्यांच्या नळ्यांना आतून खवला चढतो आणि रस नीट आटत नाही. आणि हंगाम संपला की पुढचे काही महिने ओव्हरहॉलिंग. लाटा उतरवायच्या, घासायच्या, बेअरिंग बदलायचे. त्याची तरतूद अंदाजपत्रकात असते. त्याबद्दल कुणी यंत्राला आळशी म्हणत नाही.

हे दोन तास लक्षात ठेवा. मी त्यांच्याकडे परत येणार आहे.

यंत्र पोलादाचं असलं तरी त्याचं खाणं नाशवंत असतं. ऊस तोडल्या क्षणापासून सुकायला लागतो. वजन घटतं, आणि त्याहून वाईट म्हणजे त्यातली साखर मोडायला लागते, उतारा पडतो. म्हणून तोडलेला ऊस शक्यतो चोवीस तासांच्या आत गाळला जावा असा प्रयत्न असतो. साखर कारखान्याला महिन्याचा ऊस गोदामात भरून ठेवता येत नाही. सूतगिरणी कापसाच्या गाठी रचून ठेवू शकते, तेलगिरणी शेंगदाणा ठेवू शकते. उसाचं तसं नाही. अडीच हजार टन रोज गाळायचे तर अडीच हजार टन रोज तोडले गेले पाहिजेत, आज, उद्या, परवा, दिवाळीत, अमावास्येला, कडाक्याच्या थंडीत. म्हणजे मिलच्या पहिल्या लाटेवर जी क्षमता लिहिलेली आहे ती खरं तर फडात पुरी करावी लागते. आणि फडात पोलादाचं काही नाही, फक्त कोयत्याचं पातं.

कोयता. आता या शब्दाकडे येऊ. तुमच्या-माझ्या घरात कोयता म्हणजे हत्यार. कारखान्याच्या शेतकी खात्यात कोयता म्हणजे माणसं. ‘या मुकादमाकडे वीस कोयते आहेत’ याचा अर्थ वीस जोडपी आहेत. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. एकटा पुरुष किंवा एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता. म्हणजे ज्या धंद्यात उसाचं वजन काट्यावर किलोपर्यंत घेतात, साखरेचा उतारा दशांश चिन्हापुढे दोन घरं मोजतात, त्या धंद्यात बाई हे पूर्णांक एकक नाहीच. ती अपूर्णांक आहे, आणि तोही नवऱ्याच्या जोडीनं.

साधारणपणे एक कोयता दिवसाला दोन टन ऊस तोडतो असं धरतात. ऊस आडवा पडलेला असेल तर कमी, उभा आणि जाड असेल तर थोडा जास्त. आता कागद-पेन्सिल घ्या. अडीच हजार टनांच्या कारखान्याला रोज साडेबाराशे कोयते लागतात. साडेबाराशे कोयते म्हणजे अडीच हजार माणसं, त्यात साडेबाराशे बाया. टनांचा आकडा आणि माणसांचा आकडा एकच येतो. अडीच हजार टन क्षमतेचा कारखाना म्हणजे अडीच हजार माणसांचा फड. पुढच्या वेळी वर्तमानपत्रात तो आकडा वाचाल तेव्हा टनाच्या जागी माणसं वाचून पाहा.

हाच हिशोब राज्याला लावू. २०२१-२२ च्या हंगामात महाराष्ट्रात सुमारे १३२० लाख टन ऊस गाळला गेला, तो विक्रम होता. दोन टनांनी भागा, ६६० लाख कोयता-दिवस होतात. एका कोयत्यानं दीडशे दिवस काम केलं असं धरलं तर सुमारे ४ लाख ४० हजार कोयते, म्हणजे जवळजवळ नऊ लाख माणसं, त्यात निम्म्या बाया. यंत्रानं तोडलेला ऊस वजा करा, हंगाम थोडा लांबला असं धरा, तरी आकडा लाखांतच राहतो. पुण्याच्या साखर संकुलात साखर आयुक्तांकडे प्रत्येक कारखान्याचं रोजचं गाळप येतं. किती क्विंटल साखर, किती उतारा, सगळं. ऊसतोड कामगार किती याचे मात्र वर्षानुवर्षं ‘आठ लाख’, ‘दहा लाख’, ‘बारा लाख’ असे अंदाजच ऐकू येत राहिले. चार लाखांचा फरक उसात पडला असता तर चौकशी समिती नेमली गेली असती!

तर आता फडातला दिवस. पहाटे तीन-चारला बाई उठते. कोपीत चूल पेटवून भाकरी करते, पाणी आणते, लेकरांचं बघते. उजाडायच्या आत फडात. पुरुष बहुधा तोडत जातो. बाई तोडतेही, पाचट काढते, वाढं छाटते, मोळी बांधते, आणि मग ती मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. एकेका मोळीचं वजन तीस-चाळीस किलो. गाडी कधी येईल याचा नेम नाही. रात्री अकराला आली तर रात्री अकराला भरायची. मग परत चूल. यातल्या चुलीचा, पाण्याचा, लेकराच्या दुधाचा टन कुणी मोजत नाही हे आपण नेहमी म्हणतो. पण इथे तर मोळीचाही टन तिच्या नावावर पडत नाही. उचल नवऱ्याच्या अंगठ्यावर, मुकादमाच्या वहीत नाव नवऱ्याचं, हिशोब नवऱ्याशी.

आणि आता ते दोन तास.

यंत्र थांबलं की कारखान्याच्या नोंदवहीत कारण लिहितात. यांत्रिक बिघाड इतके तास, वीज इतके तास, साफसफाई इतके तास. एक रकाना असतो ऊस नसल्याचा. अहवालात त्याला ‘नो केन’ म्हणतात. ऊस वेळेवर आला नाही म्हणून मिल थांबली, तर जाब शेतकी खात्याला, शेतकी खात्याकडून मुकादमाला, मुकादमाकडून कोयत्याला. एक दिवस कामावर गेलं नाही तर त्याला ‘खाडा’ म्हणतात, आणि खाड्याला दंड असतो. पाचशे रुपये, हजार रुपये, मुकादमागणिक वेगळा. ताप आला तरी खाडा. पाळीत उभं राहवत नाही तरी खाडा. बाळंत झाली तरी नवऱ्याचा अर्धा कोयता चालू ठेवायचा आणि तिच्या अर्ध्याचा खाडा.

आता उलटं पाहा. मिल तीन दिवस बंद पडली. गव्हाणीपाशी गाड्यांची रांग लागली, म्हणून तोड थांबवली. त्या तीन दिवसांचं कोयत्याला काय मिळतं? काहीही नाही. मजुरी टनावर आहे. टन नाही तर पैसा नाही. म्हणजे यंत्र थांबलं तर बाईचा रोज बुडतो, आणि बाई थांबली तर बाईला दंड होतो. दोन्ही बाजूंनी थांबण्याची किंमत तीच मोजते. यंत्राचं थांबणं व्याख्येत धरलेलं आहे, बाईचं थांबणं गुन्ह्यात. गाळप क्षमता या शब्दाचा फडातला अर्थ मला विचाराल तर तो हा आहे. यंत्राला रोज दोन तास विसावा मिळावा म्हणून ज्यांनी विसाव्याशिवाय राहायचं, त्यांची ती क्षमता आहे.

पैशाचाही हिशोब करू, कारण गर्भाशयाची गोष्ट त्याशिवाय कळत नाही. जानेवारी २०२४ मध्ये करार होऊन तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला आणि टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. त्याआधी तो २७३ च्या आसपास होता. संप केल्याशिवाय, ‘कोयता बंद’ची हाक दिल्याशिवाय हा दर कधी वाढलेला नाही. दोन टनांचे ७३२ रुपये, माणशी ३६६. बारा-चौदा तासांच्या कामाचे. एका कोयत्याची उचल लाख रुपये असेल तर ती नुसती फेडायला १३७ दिवस लागतात, एकही खाडा न करता, आणि त्या १३७ दिवसांत पोटात काहीही न घालता.

आता हंगाम किती दिवसांचा असतो? इथे गाळप क्षमतेचा दुसरा खेळ सुरू होतो. गेल्या काही वर्षांत कारखान्यांनी क्षमता वाढवल्या. साडेबाराशेचे अडीच हजार, अडीचचे पाच, पाचचे दहा. सहवीजनिर्मिती, इथेनॉल, त्यासाठी कर्ज, कर्जासाठी मोठी क्षमता. पण ऊस त्या प्रमाणात वाढत नाही, तो पावसावर असतो. मग तोच ऊस जास्त यंत्रं कमी दिवसांत गाळून टाकतात. २०२४-२५ मध्ये ऊस कमी होता. कित्येक कारखाने तीन-साडेतीन महिन्यांत थांबले. शंभर दिवसांच्या हंगामात एका कोयत्याचे ७३,२०० रुपये होतात. उचल लाखाची. म्हणजे खाण्यापिण्याचं धरलंच नाही तरी २६,८०० रुपये अंगावर राहिले. ते पुढच्या वर्षीच्या उचलीत. म्हणजे क्षमतेचं विस्तारीकरण झालं कारखान्याचं, आणि कर्जाचं विस्तारीकरण झालं कोपीत. संचालकांच्या भाषणात याचा उल्लेख मी कधी ऐकला नाही. अर्थशास्त्राच्या पुस्तकातही सहसा नसतो.

या हिशोबात अडकलेल्या बाईला एक खाडासुद्धा महाग पडतो, हे समजलं की २०१९ साली बीडमधून जे बाहेर आलं त्याचा अर्थ लागतो. त्या वर्षी वर्तमानपत्रांतून बातम्या आल्या. राष्ट्रीय महिला आयोगानं नोटीस काढली. विधिमंडळात आरोग्यमंत्र्यांनी सांगितलं, की तीन वर्षांत बीड जिल्ह्यातल्या ९९ खाजगी रुग्णालयांत ४,६०५ गर्भाशयं काढली गेली. मग डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ ऊसतोड बायांच्या पाहणीत १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. म्हणजे जवळजवळ १७ टक्के, सहांत एक. देशाची सरासरी त्या सुमारास तीन टक्क्यांच्या आसपास होती. यातल्या पुष्कळ जणी चाळिशीच्या आतल्या होत्या.

तेव्हा शहरी वाचकांत एक ठरीव गोष्ट पसरली : मुकादम बळजबरीनं गर्भाशय काढायला लावतात, जेणेकरून पाळीचे दिवस वाया जाऊ नयेत. गोष्ट वाचायला सोपी आहे, तिच्यात एक खलनायक आहे. प्रत्यक्षात जे दिसतं ते जास्त वाईट आहे. फडाशेजारी संडास नाही, न्हाणी नाही, बदलायला आडोसा नाही, धुवायला पाणी नाही. अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, त्यावर डोक्यावर मोळी. लग्न तेरा-चौदाव्या वर्षी झालेलं, विशीत दोन-तीन बाळंतपणं. सरकारी दवाखाना लांब. खाजगी डॉक्टर ‘कॅन्सर होईल’ म्हणतो. ऑपरेशनला पैसे मुकादम देतो, तेही उचलीत जमा. आणि बाई बसून हिशोब करते, की महिन्याला चार खाडे, हंगामाला इतके, आणि लेकरं तर झालेली आहेत. कुणी हात धरून नेलं नाही. व्यवस्थेनं गणित असं मांडून दिलं की उत्तर एकच यावं. पुढं हाडं दुखतात, अंगातून वाफा निघतात, कमी वयात म्हातारपण येतं, आणि त्या दुखण्याचेही परत खाडेच होतात. म्हणजे ज्यासाठी केलं तेही साधत नाही.

बीडमध्ये नंतर खाजगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची केली. तो निर्णय वाईट नव्हे. पण बाईच्या शरीरावर आणखी एका अधिकाऱ्याची सही वाढली, खाडा होता तिथेच राहिला. दंड बंद करा असा हुकूम तेव्हा निघाला असता तर मला जास्त बरं वाटलं असतं.

कारखान्याचे शब्द बायकांच्या आयुष्यात कसे शिरतात याचं आणखी एक उदाहरण. सभासदाचा नसलेला, कार्यक्षेत्राबाहेरचा, थेट गेटवर येणारा जो ऊस असतो त्याला ‘गेटकेन’ म्हणतात. बीडकडे हंगामाच्या तोंडावर, टोळी निघायच्या घाईत पोरीचं लग्न उरकून टाकतात, त्यालाही ‘गेटकेन’ म्हणतात. एकट्या पोराला अर्ध्या कोयत्याची उचल, लग्न झालेल्याला पूर्ण. पंधरा वर्षांची पोर जोडली की पोराचा कोयता पुरा झाला. आईबापांना तिला एकटीला गावात सोडून जायची भीती असते, ती भीतीही खरी आहे. आणि जी बाई परित्यक्ता आहे, विधवा आहे, तिनं काय करायचं? तिला अर्धा कोयता म्हणूनही कुणी सहज घेत नाही. भावाबरोबर, दिराबरोबर, नाहीतर गावातल्या कुणा पुरुषाबरोबर जोडी लावून जायचं, आणि त्याचे जे बोल लागतील ते सोसायचे. परित्यक्तांचं काम करणाऱ्या आपल्यातल्या कित्येकींना हे माहीत आहे. फक्त त्याचा संबंध आपण कधी ‘टीसीडी’शी लावला नव्हता.

बीडचं नाव वारंवार घेतलं, म्हणून इथल्या कुणी सुटकेचा श्वास सोडू नये. आपल्या सुरगाणा, पेठ, कळवण, बागलाण या पट्ट्यातली आदिवासी जोडपी दिवाळीनंतर गुजरातेत उतरतात. बारडोली-सुरतेकडचे सहकारी साखर कारखाने डांग, धुळे, नंदुरबार आणि नाशिकच्या माणसांवर चालत आले आहेत. यान ब्रेमन नावाच्या डच अभ्यासकानं १९७० च्या दशकात तिथल्या ऊसतोड मजुरांचा अभ्यास केला, आणि त्याच्या लिखाणात आपला शब्द जसाच्या तसा आहे : कोयता. राज्य बदललं, भाषा बदलली, एकक तेच राहिलं. राज्याची हद्द ओलांडली की मात्र महाराष्ट्राचा करार तिथे लागू होत नाही आणि गुजरातच्या मतदार यादीत यांचं नाव नसतं. आणि पूर्वेकडच्या नांदगाव-येवल्याकडून टोळ्या निघतात त्या वेगळ्याच.

आता ऊसतोडणी यंत्राविषयी. हा प्रश्न कुणीतरी विचारणारच. २०२३ मध्ये राज्यानं यंत्र घ्यायला ४० टक्के किंवा ३५ लाख, यांत जे कमी ते अनुदान जाहीर केलं. एक यंत्र दिवसाला शंभर टन तोडतं असं धरलं तर पन्नास कोयते घरी बसतात. मी यंत्राच्या विरोधात नाही. डोक्यावर चाळीस किलो घेऊन फळीवरून चढण्याचं काम बंद झालं तर त्यात दुःख करण्यासारखं काहीच नाही. पण पस्तीस लाख रुपये यंत्रवाल्याला मिळत असताना त्या पन्नास बायांच्या हाताला पुढे काय, याला एक ओळसुद्धा का नाही? नाशकात द्राक्षाच्या छाटणीला, डिपिंगला बाया लागतात, कांदा लावणीला लागतात, तिथे जातील, असं एक उत्तर मिळतं. तिथला रोज किती, आणि त्या रोजावर उचल फिटेल का, याचा हिशोब उत्तर देणाऱ्यानं केलेला नसतो.

मग आपण काय करायचं? मी फार मोठं सांगणार नाही. लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी गाळलेल्या टनामागे १० रुपये द्यायचे आणि तेवढेच सरकारनं घालायचे असं ठरलं. म्हणजे इथेही गाळप हाच पाया आहे. अडीच हजार टनांचा कारखाना शंभर दिवस पूर्ण क्षमतेनं चालला तर अडीच लाख टन होतात. त्याचे २५ लाख कारखान्याचे, २५ लाख सरकारचे. आपल्या तालुक्यातल्या कारखान्याचं गाळप फळ्यावर असतं. त्याला दहानं गुणा आणि किती भरले ते विचारा. ग्रामसेवकाकडे ऊसतोड कामगारांची नोंदणी होऊन ओळखपत्र मिळतं. नवऱ्याच्या कार्डावर ‘पत्नी’ म्हणून नाव चालणार नाही, तिचं वेगळं कार्ड हवं, हे गावोगाव सांगावं लागेल. समान कामाला समान वेतन ही गोष्ट १९७६ पासून कायद्यात आहे. पण वेतन दोघांचं मिळून एकालाच मिळतं तिथे समानता तपासणार कशी? म्हणून तोडणीचे पैसे दोन खात्यांत, हीच पहिली मागणी असली पाहिजे. दुसरी, खाड्याचा दंड बंद. तिसरी, क्षमतेच्या हिशोबात यंत्राचे दोन तास धरता तसे फडाचे सुट्टीचे दिवस धरा. आठवड्याला एक, आणि बाळंतिणीला पगारी रजा. त्यासाठी अडीच हजार टनांना साडेबाराशे कोयत्यांऐवजी चौदाशे-पंधराशे लागतील. लागू देत. त्याचा खर्च टनामागे काढून दाखवता येतो, आणि आपण तो काढून दाखवू.

आणि एक गोष्ट, जी इथे बसलेल्यांपैकी पुष्कळजणींच्या हातात आहे. तुमच्यातल्या कितीतरी जणींच्या सासर-माहेरचे लोक कारखान्याचे सभासद आहेत. तोडणी-वाहतुकीचा खर्च तुमच्या घरच्या उसाच्या बिलातून कापला जातो. म्हणजे त्या कोयत्याची मजुरी तुमच्या घरातून जाते, तिथे बोलायचा तुम्हाला हक्क आहे. गणपतीच्या आसपास, हंगाम सुरू व्हायच्या आधी, वार्षिक सर्वसाधारण सभा असते. छापील अहवाल घरी येतो आणि रद्दीत जातो. या वर्षी तो जपून ठेवा. मागच्या पानांवर एक तक्ता असतो : गाळपाचे दिवस, एकूण गाळप, क्षमतेचा वापर किती टक्के, मिल बंदचे तास कारणवार. तो फाडून पुढच्या बैठकीला घेऊन या. दिंडोरी आणि निफाडच्या मैत्रिणींनी आधीच्या पाच वर्षांचे मिळाले तर तेही आणावेत. दसऱ्याला टोळ्या निघायच्या आत आपल्याला तो हिशोब मांडून तयार ठेवायचा आहे.